स्वयंपाकघराचा रंग कोणीं ठरविला?

घराची डागडुजी निघाली म्हणजे दिवाणखान्याचा रंग एका संध्याकाळीं ठरतो, आणि स्वयंपाकघराचा ठरतां ठरतां महिना जातो. भिंतींचा प्रश्न त्या मानानें सोपा. तेथें रंग चुकला तर तो पुन्हां देतां येतो. खरी अडचण कपाटांची. ओट्याखालचीं कपाटें गडद असावींत कीं फिकीं, वरच्या कपाटांना तोच रंग द्यावा कीं दुसरा, आणि नव्या धर्तीच्या घरांत खोलीच्या मधोमध जो सुटा ओटा बांधतात, ज्याला पाश्चात्त्य लोक 'आयलंड' म्हणजे बेट म्हणतात, त्याला इतरांहून वेगळा रंग शोभेल काय, या प्रश्नांवर शहाणींसुरतीं माणसें तासन्‌तास खल करितात. हा केवळ आवडीनिवडीचा विषय आहे असें वरवर पाहणाऱ्यास वाटतें. परंतु गेल्या दोनशें वर्षांचा इतिहास चाळला तर असें दिसून येईल, कीं स्वयंपाकघराचा रंग आवडीनें फार क्वचित् ठरला. तो बहुधा भीतीनें ठरला. आणि ज्या हातांना त्या रंगांत आयुष्य काढावयाचें, त्या हातांना विचारून तर तो फारच थोड्या वेळां ठरला.

चुलीच्या काळांत स्वयंपाकघराला रंग असा नव्हताच; होती ती काजळी. महाराष्ट्रांतील जुन्या घरांत ही खोली बहुधा मागच्या अंगाला असे. उजेड बेताचा, धूर कौलांतून आपली वाट काढी, आणि आढ्यापासून खालीं सगळें हळूहळू एकाच वर्णाचें होऊन जाई. जमीन शेणानें सारवलेली, चुलीला रोजचें पोतेरें, भांडीं मांडणीवर, दूधदुभतें शिंक्यावर. भिंतींतल्या फडताळाला दार असलेंच तर तें तेलाच्या हातांनीं काळवंडलेल्या लांकडाचें. वर्षांतून एकदां, दिवाळीच्या आधीं, भिंतींना चुन्याचा हात मिळे. त्या चुन्यांत चिमूटभर नीळ कालवीत, म्हणजे पांढरा अधिक पांढरा दिसे. आणि कित्येक घरीं ती नीळ चिमटीऐवजीं मुठीनें पडे व भिंती आकाशी होत. या निळीची हकीकत पुढें यावयाचीच आहे.

इंग्लंडांतील मोठ्या घरांचीं स्वयंपाकघरें प्रशस्त असत, पण काजळी तेथेंही सुटली नव्हती. कोळशाची शेगडी धगधगत असे, तांब्याचीं पातेलीं ओळीनें मांडलेलीं असत, आणि खोलीच्या मधोमध एक लांबरुंद लांकडी टेबल असे. भिंतीशीं असलेल्या कपाटांना रंग देत, परंतु या टेबलाला कधीं देत नसत. पीठ मळणें, मांस कापणें, भाजी निवडणें, सारें त्याच्यावर. म्हणून रोज सोडा आणि वाळू लावून तें घासावें लागे आणि घासून घासून त्याचें लांकूड पांढुरकें पडे. आज बेटाचा रंग कपाटांहून निराळा ठेवण्याची जी टूम निघाली आहे, ती या दृष्टीनें पाहतां अगदींच नवी नव्हे. कपाट हें भिंतीचें, आणि मधलें टेबल हें कामाचें, हा भेद जुनाच आहे. फरक इतकाच, कीं त्या टेबलाचा वर्ण रंगाऱ्यानें आणलेला नसून मोलकरणीच्या मनगटानें आणलेला असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या काजळलेल्या खोलीवर एक नवें भय येऊन आदळलें. पाश्चरच्या प्रयोगांनीं सूक्ष्म जंतूंचें जग उघडें केलें. १८८२ च्या मार्च महिन्यांत रॉबर्ट कॉख यानें क्षयाचा जंतु सांपडल्याचें बर्लिन येथें जाहीर केलें. शत्रु आहे, घरांत आहे, आणि डोळ्यांना दिसत नाहीं, ही कल्पनाच मोठी अस्वस्थ करणारी होती. जंतु दिसत नसेल तर निदान धूळ तरी दिसली पाहिजे, असें माणसाच्या मनानें घेतलें. इस्पितळें पांढरीं झालीं, त्यांच्यामागोमाग न्हाणीघरें पांढरीं झालीं, आणि विसावें शतक उजाडल्यावर पांढऱ्याची ही लाट स्वयंपाकघराच्या उंबरठ्याच्या आंत आली. अमेरिकेंत इंडियाना संस्थानांतील न्यू कॅसल या गांवीं 'हूझिअर' नांवाचें एक उभें कपाट तयार होत असे. पीठ, साखर, मसाले, डबे, आणि ओढून बाहेर काढावयाची फळी, सारें एका ठिकाणीं. प्रथम हीं कपाटें ओक लांकडाचीं, मधाच्या वर्णाचीं असत. पुढें तींच पांढऱ्या रोगणांत येऊं लागलीं. कपाट तेंच, काम तेंच. बदललें होतें तें भय.

पांढरा रंग स्वच्छता आणीत नाहीं; तो केवळ अस्वच्छतेची चहाडी करतो. ज्या घरांत चार नोकर होते तेथें ही चहाडी मालकिणीच्या सोयीची होती. परंतु नेमक्या त्याच काळांत मध्यम वर्गाच्या घरांतून नोकरमाणसें कारखान्यांकडे व कचेऱ्यांकडे वळूं लागलीं, आणि पांढऱ्या कपाटासमोर घरधनीण एकटीच उरली. जो पहारेकरी तिनें दुसऱ्यांवर नेमला असता, तो आतां तिच्यावरच नेमला गेला.

या पांढऱ्याची दुसरीही एक बाजू होती. जुना तेलरंग सफेत्याचा, म्हणजे शिशापासून केलेल्या पांढऱ्या भुकटीचा असे, आणि ती जवसाच्या तेलांत घोटीत. जवसाचें तेल उजेडांत बरें राहतें, अंधारांत पिवळें पडतें. म्हणून कपाटाचें दार बाहेरून पांढरें आणि आंतून लोण्यासारखें, असा प्रकार होई. शिसें तर गंधकयुक्त वायूनें काळें पडतें, आणि कोळशाचा धूर व उकडलेली कोबी असल्यावर असा वायु स्वयंपाकघराला कांहीं दुर्मिळ नाहीं. म्हणजे आरोग्याकरितां आणलेला रंग स्वतः विषारी आणि शिवाय टिकणाराही नव्हे. जस्ताची पांढरी भुकटी हा एक पर्याय होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वे व अमेरिका या देशांत टायटॅनियमची पांढरी भुकटी व्यापारी प्रमाणावर तयार होऊं लागली, आणि आज जो पांढराशुभ्र म्हणून विकला जातो तो बहुतेक सगळा हाच. १९२१ सालीं जिनीव्हा येथें आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनें घरांतील रंगकामांत सफेता वापरूं नये असा करार संमत केला, तो रंगाऱ्यांच्या जीविताकडे पाहून. भारतांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांच्या आंत ठेवण्याचा नियम २०१६ सालीं झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला. तेव्हां आजोबांच्या वेळचें रंगीत फडताळ कोरड्या कागदानें घासून पुन्हां रंगविण्याची हौस कोणास झाली, तर त्यानें ती आवरावी हें बरें. ती धूळ पोरांच्या पोटांत जाते.

आतां निळीकडे वळावें. मध्ययुगांत उत्तम निळा रंग म्हणजे बदक्शान प्रांतांतील लाजवर्द खड्याची पूड, आणि तिची किंमत श्रीमंतांनाच परवडे. १८२४ सालीं फ्रान्समधील उद्योगवर्धक संस्थेनें असा रंग स्वस्तांत कृत्रिम रीतीनें तयार करणाऱ्यास सहा हजार फ्रँकांचें बक्षीस लावलें, आणि १८२८ सालीं तें गीमे नांवाच्या गृहस्थास मिळालें. त्या दिवसापासून राजवाड्याचा निळा धोब्याच्या गाठोड्यांत आला. कपड्यांना देण्याची आपली नीळ ती हीच. नांव मात्र तिनें दुसऱ्याचें घेतलें. नीळ म्हणजे मुळांत त्या झाडाचा रंग, ज्याच्यापायीं १८५९ सालीं बंगालचे शेतकरी उठले आणि १९१७ सालीं गांधीजी चंपारण्यांत गेले. शेतांतली नीळ गेली आणि पुडींतली नीळ तिच्या नांवावर राहिली. हा नवा निळा चुन्याच्या क्षारानें बिघडत नाहीं. प्रशियन निळा म्हणून दुसरा एक स्वस्त रंग आहे, तो मात्र चुन्यांत टिकत नाहीं. चुन्याच्या बादलींत नीळ कालविणाऱ्या बायकांना हें रसायनशास्त्र कोणी शिकविलें नव्हतें, पण त्यांची निवड बरोबर होती.

याच निळ्याला युरोपांत एक निराळी ख्याति चिकटली. निळ्या रंगावर माशी बसत नाहीं, अशी समजूत इंग्लंडांतील मोठमोठ्या घरांच्या स्वयंपाकघरांत रूढ होती, आणि त्यामुळें तेथल्या भिंती पुष्कळदां निळ्या असत. माशी ही केवळ उपद्रवी नसून रोग वाहून नेणारी आहे, हें ज्ञान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पसरलें. १९११ सालीं अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ हॉवर्ड यानें घरमाशीवर संबंध ग्रंथच लिहिला आणि तिला विषमज्वराची माशी म्हणावें असें सुचविलें. समजूत जुनी होती, तिला आतां भीतीचें बळ मिळालें. फ्रान्समध्यें जिव्हर्नी येथें चित्रकार क्लोद मोने याचें घर आहे. १८८३ पासून १९२६ सालीं मृत्यु येईपर्यंत तो तेथें राहिला. त्याचें स्वयंपाकघर निळें आणि शेजारची जेवणाची खोली, कपाटांसकट, पिवळी आहे. पिवळ्या खोलींत बसलेल्या पाहुण्याला उघड्या दारांतून निळ्या फरशा दिसाव्या, ही चित्रकाराची दृष्टि. माशीचा विचार त्यानें केला असो वा नसो. चुलीपाशीं उभें राहण्याचें काम मात्र त्याच्याकडे नव्हतें, तें स्वयंपाकिणीकडे होतें.

मोने वारला त्याच वर्षीं, म्हणजे १९२६ सालीं, जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहरांत एक स्वयंपाकघर जन्मास आलें, आणि आजच्या प्रत्येक बांधीव स्वयंपाकघराचें मूळ त्याच्यापाशीं जाऊन पोंचतें. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनींत घरांची विलक्षण टंचाई होती. फ्रांकफुर्टच्या नगररचनेचें काम १९२५ सालीं एर्न्स्ट माय या वास्तुशिल्पज्ञाकडे आलें आणि त्यानें शहराच्या कडेला कामगार व कनिष्ठ मध्यम वर्ग यांच्यासाठीं वसाहतींमागून वसाहती उभारण्यास आरंभ केला. घर लहान, भाडें बेताचें. मग स्वयंपाकघर किती असावें? हा प्रश्न त्यानें व्हिएन्नाहून बोलाविलेल्या मार्गारेटे लिहोत्स्की यांच्यावर सोंपविला. ऑस्ट्रियांत स्थापत्य शिकलेल्या अगदीं पहिल्या स्त्रियांपैकीं त्या एक. त्या वेळीं त्यांचें वय एकोणतीस वर्षांचें होतें.

लिहोत्स्कीबाईंनीं आगगाडीच्या जेवणाच्या डब्यांतील स्वयंपाकघर पाहिलें होतें. एवढ्याशा जागेंत दोन माणसें शेंकडों लोकांचें जेवण तयार करितात, मग घरांतल्या बाईला दहा पावलांची धांव कां? अमेरिकेंतील क्रिस्टिन फ्रेडरिक या बाईंनीं कारखान्यांतील कामाचें मोजमाप घरकामास लावून १९१३ सालीं एक पुस्तक लिहिलें होतें. त्याचें जर्मन भाषांतरही त्यांच्या वाचनांत आलें होतें. या दोहोंतून जें निघालें तें सुमारें १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब असें एक अरुंद दालन. खिडकीसमोर कामाची फळी, फळीसमोर फिरतें स्टूल, शेगडी, भांडीं निथळण्याची जाळी, भिंतींतून खालीं पाडावयाची इस्त्रीची फळी, आणि पीठ, तांदूळ, साखर यांच्यासाठीं मुठीचे ॲल्युमिनियमचे खण, जे ओढून काढून सरळ पातेल्यांत ओतावे. पिठाचा खण मात्र ओक लांकडाचा, कारण ओकांतल्या तुरट द्रव्यानें किडे दूर राहतात. अशीं सुमारें दहा हजार स्वयंपाकघरें फ्रांकफुर्टमध्यें बसविण्यांत आलीं. त्यांपैकीं ऱ्योमरश्टाट ही वसाहत संपूर्णपणें विजेवर चालणारी, जर्मनींतील पहिली.

एवढ्या हिशेबी खोलीचा रंग कोणता असावा? तीन वर्षांपूर्वीं, १९२३ सालीं, वायमार येथें बाउहाउस कलाशाळेनें एक नमुन्याचें घर उभारलें होतें. त्याचें स्वयंपाकघर पांढरें होतें. फ्रांकफुर्टलाही पांढराच येणार असें कोणासही वाटलें असतें. परंतु लिहोत्स्कीबाईंनीं कपाटांना निळसर-हिरवा रंग दिला आणि कारण सांगितलें तें तेंच जुनें: माशी निळ्या रंगावर बसत नाहीं. यावेळीं मात्र आजीबाईच्या समजुतीला विश्वविद्यालयांतील संशोधकांचा हवाला जोडलेला होता. पावलें मोजून, हात किती लांबतो तें मोजून आंखलेल्या या खोलींत सर्वांत डोळ्यांत भरणारी गोष्ट जी, ती मात्र एका समजुतीवर उभी राहिली. माशी निळ्याला भिते हें शास्त्रांत निर्विवाद असें कधींच ठरलें नाहीं. तरी पण पांढऱ्याच्या मानानें हा रंग बाईंच्या डोळ्यांना सुसह्य होता, पीठ सांडल्याची चहाडी करीत नव्हता, आणि त्या अरुंद खोलीला थोडी खोली आणीत होता. कारण चुकलें असेल. रंग चुकला नव्हता.

या स्वयंपाकघराविषयीं लिहोत्स्कीबाईंनीं पुढें मोकळेपणानें एक गोष्ट सांगितली, कीं तें आंखण्यापूर्वीं त्यांनीं स्वतः कधीं संसार केला नव्हता आणि स्वयंपाकाचा त्यांना अनुभव नव्हता. बाईच्या स्वभावाला बाईचें स्वयंपाकघर सुचलें, असें जें लोक कौतुकानें म्हणत, तें त्यांना मुळींच रुचत नसे. आपण वास्तुशिल्पज्ञ म्हणून काम केलें, गृहिणी म्हणून नव्हे, असा त्यांचा आग्रह. त्यांत तथ्य आहे. परंतु त्या दहा हजार घरांत राहावयास आलेल्या बायकांच्या बाजूनेंही पाहिलें पाहिजे. कपाटें भिंतीला पक्कीं ठोकलेलीं, खण नांवानिशीं ठरलेले, रंग लागलेला. निवडावयास कांहीं उरलेंच नव्हतें. एका वेळीं एकच माणूस मावेल अशी ती खोली, सासूसुनेला मिळून भाजी चिरतां येणार नाहीं अशी. कित्येकांनीं तक्रारी केल्या, कित्येकांनीं आपलें जुनें टेबल आंत कोंबून पाहिलें. आणि पुढल्या वर्षांत बहुतेक ठिकाणीं भाडेकरूंनीं ब्रश हातीं घेतला. आज जगांतील संग्रहालयांत, व्हिएन्नांत, लंडनांत, न्यू यॉर्कांत, हें स्वयंपाकघर जपून ठेवलेलें आहे. त्यांची छटा सर्वत्र सारखी नाहीं. कोठें निळ्याकडे झुकलेली, कोठें हिरव्याकडे. मूळ रंग शोधण्यासाठीं तज्ज्ञांना एकावर एक चढलेले थर खरवडून पाहावे लागले. कपाटावरच्या त्या थरांतच तेथें राहून गेलेल्या बायकांचें मत नोंदलेलें आहे. दुसऱ्या कोणत्या नोंदींत तें फारसें मिळत नाहीं.

लिहोत्स्कीबाई १९३० सालीं माय यांच्याबरोबर सोव्हिएट रशियांत गेल्या, तेथून पुढें तुर्कस्तानांत गेल्या. नाझी राजवटीविरुद्ध गुप्तपणें काम करण्यासाठीं व्हिएन्नांत परतल्या आणि १९४१ च्या जानेवारींत पकडल्या गेल्या. पंधरा वर्षांची शिक्षा झाली. १९४५ सालीं युद्ध संपतां संपतां बव्हेरियांतील तुरुंगांतून त्यांची सुटका झाली. त्या १८ जानेवारी २००० रोजीं, वयाच्या एकशेंतिसऱ्या वाढदिवसाला पांच दिवस कमी असतां, वारल्या. इतक्या आयुष्यांतून लोक विचारीत तें त्या एका स्वयंपाकघराविषयींच, आणि याचा त्यांना अखेरीस फार वीट आला होता.

इकडे अमेरिकेंत निराळाच प्रकार चालला होता. १९२७ च्या सुमारास तेथील कारखानदारांनीं न्हाणीघराचीं व मोरीचीं भांडीं गुलाबी, हिरवीं, जांभळीं अशीं विकावयास काढलीं, आणि रंगाचें वारें स्वयंपाकघरांत शिरलें. याच्यामागें भीती माशीची नव्हती, गिऱ्हाईक थांबण्याची होती. पांढरी वस्तु जुनी दिसत नाहीं. रंगीत वस्तु दिसते, कारण गेल्या सालचा हिरवा यंदाच्या हिरव्याशी जुळत नाहीं. ज्या क्रिस्टिन फ्रेडरिकबाईंनीं एके काळीं गृहिणींचीं पावलें वांचविलीं, त्यांनींच १९२९ सालीं दुसरें एक पुस्तक लिहून कारखानदारांना सल्ला दिला, कीं वस्तु झिजण्याची वाट न पाहतां ती जुनी वाटेल अशी व्यवस्था करावी. पुढें दुसऱ्या महायुद्धानंतर हा सल्ला पुरेपूर अमलांत आला. २४ जुलै १९५९ रोजीं मॉस्को येथील अमेरिकन प्रदर्शनांत निक्सन व ख्रुश्चेव्ह यांच्यामध्यें दोन राज्यपद्धतींविषयीं जो प्रसिद्ध वाद झाला, तो लिंबाच्या रंगाच्या एका स्वयंपाकघरासमोर झाला. त्यानंतरच्या दशकाच्या शेवटीं पिकल्या शेताचा सोनेरी आणि आव्होकाडो फळाचा हिरवा यांची लाट आली. दहा वर्षांत ती ओसरली, आणि त्या रंगांचीं शीतकपाटें ओशाळल्यासारखीं तळघरांत जाऊन उभीं राहिलीं.

आतां बेटाविषयीं. स्वयंपाकघराची भिंत पडली नसती तर बेटाच्या रंगाचा प्रश्न निघालाच नसता. अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ फ्रँक लॉइड राइट यानें १९३७ सालीं विस्कॉन्सिन संस्थानांत मॅडिसन येथें जेकब्स कुटुंबासाठीं एक स्वस्त घर पुरें केलें. त्यांत स्वयंपाकाची जागा बैठकीला लागूनच ठेवली होती आणि तिला स्वयंपाकघर न म्हणतां कामाची जागा असें म्हटलें होतें. नोकर नसलेल्या घरांत बाई एकटी कोंडून राहूं नये, हा त्यांतला विचार. पुढील पिढ्यांत हीच रचना सर्वसाधारण झाली. भिंत गेल्यावर ओटा आणि बैठक यांच्यामध्यें सीमा म्हणून कांहीं हवें होतें, तें बेट. त्याची एक बाजू स्वयंपाकिणीकडे आणि दुसरी पाहुण्यांकडे. म्हणून त्याच्या रंगाला दोन धन्यांची चाकरी करावी लागते. कपाटांशीं त्याचें नातें तुटूं नये आणि बैठकींतल्या लांकूडसामानालाही तें परकें वाटूं नये. पांढऱ्या कपाटांमध्यें गर्द निळें किंवा हिरवें बेट आज पुष्कळांना आवडतें, त्याचें हें कारण असावें. खोलींत एकच जड वस्तु असली तर ती टेबलासारखी दिसते, चार झाल्या तर त्यांची भिंत होते. लहान घरांत, जेथें बेट म्हणजे चार फुटांचा तुकडा, तेथें मात्र निराळा रंग दिल्यानें तें वाटेंत ठेवून विसरलेल्या पेटीसारखें दिसतें. तेथें कपाटांचाच रंग बरा.

महाराष्ट्रांतील शहरी घरांत कपाट आतां रंगवीत नाहींत, त्यावर पत्रा डकवितात. अमेरिकेंत १९१३ सालीं विजेच्या यंत्रांत अभ्रकाच्या, म्हणजे मायकाच्या, ऐवजीं वापरण्यासाठीं एक दाबलेला पदार्थ निघाला. अभ्रकाबद्दल म्हणून त्याचें नांव फॉर्मायका. भारतांत त्याच जातीच्या पत्र्याला एका छापाच्या नांवावरून सनमायका म्हणतात, आणि सुताराच्या तोंडीं आतां दुसरा शब्दच नाहीं. या पत्र्यानें रंगाऱ्याची गरज संपविली, पण भाडेकरूच्या हातचा तो ब्रशही काढून घेतला. फ्रांकफुर्टच्या बायका रंग बदलूं शकल्या. सनमायका एकदां डकविला म्हणजे पंधरा वर्षें त्याच्याशीं संसार.

आणि येथें पाश्चात्त्य मासिकांतील चित्रें पाहून पांढरें स्वयंपाकघर मागणाऱ्यांनीं एका गोष्टीचा विचार करावा. त्या पांढऱ्यानें काजळी पाहिली, कोबीचा वायु पाहिला, पण हळद पाहिली नाहीं. हळदीचा डाग साबणानें पुसावयास जावें तर तो तांबडा होतो, कारण साबण क्षारयुक्त आहे. हळदीला चुना लावून कुंकू करितात तें याच गुणामुळें. तो डाग उतरतो उन्हानें, आणि ओटा कांहीं उन्हांत नेऊन ठेवतां येत नाहीं. जुन्या मंडळींनीं ओट्याला काळा कडप्पा पसंत केला तो उगीच नव्हे. पुढें ग्रॅनाइट आला, पण बहुतेक घरीं तोही काळाच राहिला. खालचीं कपाटें गडद व वरचीं फिकीं, असा जो तोडगा आज बहुतेक घरांत निघतो, तोही अनुभवाचा आहे. खालीं पाण्याचे शिंतोडे, भांड्यांचे धक्के आणि हळदीचे हात; वर फक्त फोडणीची तेलकट वाफ. ती वाफ शेगडीजवळच्या कपाटावर पिवळसर पूट चढविते, आणि तें पूट निव्वळ शुभ्र रंगावर आधीं दिसतें, मोतिया किंवा हस्तिदंती रंगावर बऱ्याच उशिरां. खरखरीत पोताच्या पत्र्यावर तें दिसत नाहीं, परंतु निघतही नाहीं.

सनमायक्याचा नमुना दुकानांतल्या लख्ख दिव्याखालीं पाहून ठरविण्याचा प्रघात आहे. तो तुकडा घरीं आणावा, सकाळीं खिडकीपाशीं आणि दिवेलागणीला शेगडीपाशीं उभा करून पाहावा, आणि जिला तेथें उभें राहावयाचें आहे तिनें त्यावर हळदीचें बोट उमटवून तो रात्रभर तसाच ठेवावा.